येतो म्हणून सांगितलं

सोमवार, ४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अक्षर ओळखलंच असशील. पाकीट तसंच टोपलीत टाकायचा विचार असेल तर जरा दम धर. आत एक सरकारी कागद आहे, आणि सरकारी कागद टाकून द्यायला तू लहानपणापासून घाबरतोस.

कागदावर मी शिसपेन्सिलीने फुली केली आहे, तिथे तुझी सही हवी. काम एवढंच. इथल्या जुन्या दप्तरखान्याने आजोबांच्या काळी बाहेरून आलेल्या माणसांच्या फायली आता घरच्यांना बघायला खुल्या केल्या आहेत. अट अशी की हयात असलेल्या सगळ्या नातवंडांनी सही करायची. आजोबांची नातवंडं म्हणजे आपण दोघं. माझ्या एकटीच्या सहीवर भागलं असतं तर तुला कशाला त्रास दिला असता?

आपल्या भाषेचा छापखाना गेल्या वर्षी बंद झाला. तेहतीस वर्षं लोकांची प्रूफं वाचली, काने, मात्रा, वेलांट्या जागेवर आणल्या. आता सकाळी उठून चुका काढायला समोर कुणी नसतं. परवा दुधाच्या पिशवीवरचा मजकूर मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केला, यावरून काय ते समज. त्यातच पेपरात दप्तरखान्याची जाहिरात आली. तिच्यात एक वाक्य होतं, ‘खालील कारखान्यांतून उचलून हद्दपार केलेल्या कामगारांच्या फायलींसह’. खाली यादी होती आणि यादीत आजोबांचा रंगखाना होता. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे.

आजीची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. तरी लिहिते, कारण मला ती एकदा कागदावर उतरवून बघायची आहे. आजोबा समुद्रापलीकडून एकटे आले, रंगखान्यात बॉयलरवर लागले, आपल्याच भाषेच्या एका घरातल्या मुलीशी इथे लग्न केलं. बाबा दहा महिन्यांचे असताना एका दुपारी ते दोन बऱ्या कपड्यांतल्या माणसांबरोबर घरी आले. “कारखान्याने दुसऱ्या गावी पाठवलंय,” म्हणाले. पिशवीत दोन सदरे कोंबले. निळ्या रंगाने माखलेले कामाचे बूट दाराशीच ठेवले आणि चपला घातल्या. आजीने विचारलं, “कधी येणार?” त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जातो.”

“येतो नाही म्हणाला,” आजी सांगायची. “जातो म्हणाला. वैऱ्याच्या घरातून उठतानासुद्धा माणूस येतो म्हणतो. आणि कामाला जाणारा कधी बूट ठेवून जातो का?”

कारखान्यात विचारलं तर ते म्हणाले, आम्ही कुणाला कुठे पाठवलेलं नाही. तिसऱ्या दिवशी आजीने बूट फेकून दिले. महिन्याभरात खोली बदलली आणि नवा पत्ता जुन्या शेजारणींनासुद्धा दिला नाही. “आला तर फिरू दे दारोदार,” असं म्हणायची, आणि म्हणताना दाराकडे बघायची. बाबा पळपुट्याचा मुलगा म्हणून वाढले.

मला एवढंच कळून घ्यायचं आहे. आजोबा गेले, की त्यांना घालवलं?

का, ते तुला सांगायला नको. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू आला नाहीस, आणि त्यानंतर फोनवर मी तुला ‘पळपुट्याचा नातू शोभतोस’ म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी शब्द निवडून वापरला होता.

तर, दप्तरखान्यात चार खेपा घातल्या. तिथे एक बाई आहे, जाड भिंगांची. मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते. तिने चारही वेळा नोंदवह्या पालथ्या घातल्या आणि सांगितलं, “या आडनावाचा एकही माणूस या देशात उतरलेला नाही.”

“मग आम्ही काय जमिनीतून उगवलो?”

“उगवलेल्यांची नोंद आमच्याकडे नसते,” ती म्हणाली. “शेतीखात्यात विचारा.”

बाई मला आवडली आहे. सही करून पाठव. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई

मंगळवार, १२ मार्च

बारक्या,

कागद मिळाला. सही आहे, एक ओळही नाही. पाकीट मी दोनदा झटकलं, आत फुंकर मारून बघितलं. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल असं मीच म्हटलं होतं, पण माझं इतकं तंतोतंत ऐकायची तुला सवय नव्हती.

आता ऐक. तुझ्या कागदावर आडनावाच्या रकान्यात बाबांचं नाव आहे. पन्नाशी ओलांडली तरी याला रकाना कळत नाही, असं पुटपुटत मी लाल पेन्सिल उचलली. मग पाकिटाची मागची बाजू पाहिली. तिथे तुझ्या पत्त्याची छापील चिठ्ठी आहे आणि तिच्यावरही तेच आहे, आधी तू, मग बाबा, पुढे काही नाही.

म्हणजे तिकडे परदेशात उतरलास त्या दिवशी तुला कुणीतरी पूर्ण नाव विचारलं असणार. तू आपल्या रीतीने आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव असं सांगत गेलास आणि लिहिणारा दोनावरच थांबला. तू ‘असू दे’ म्हणालास, कारण तू सगळ्यालाच असू दे म्हणतोस. सतरा वर्षं तिकडे सगळे तुला बाबांच्या नावाने ओळखतात. दवाखान्यात तुझा नंबर आला की बाबांचं नाव पुकारतात. तुझी लेक शाळेत बाबांच्या नावाने हजेरी देते. दोन वर्षांची असताना आणली होतीस, तेव्हा ती माझा चष्मा चावायची. आता पंधराची असेल.

पेन्सिल खाली ठेवली. मला तुझी आठवण येते, बारक्या. हे मी आधीच्या पत्रात लिहिलं होतं आणि मग पत्र पुन्हा नव्याने उतरवून काढलं.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुझं झालं ते आजोबांचंही झालं असेल तर? आजीच्या लग्नाच्या कागदावर आजोबांचं पूर्ण नाव आहे. त्यातलं मधलं, म्हणजे पणजोबांचं, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दप्तरखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

“हे आडनाव का?” चष्मेवालीने विचारलं.

“तुमच्या लेखी आडनाव. आमच्या लेखी बाप.”

पाच मिनिटांत सापडलं. मी महिनोन्महिने चुकीच्या माणसाला शोधत होते, आणि बरोबर माणूस स्वतःच्या वडिलांच्या नावाखाली शांत पडून होता. उतरल्याचं कार्ड आहे. वय बावीस, उंची, डाव्या हाताला भाजल्याची खूण. आणि फोटो. आजीने घरातला एकही फोटो ठेवला नव्हता, त्यामुळे मी आजोबांना पहिल्यांदा पाहिलं.

बारक्या, तो तूच आहेस. तेच पसरट कान, तीच एक भुवई वर, कुणीतरी ओरडणार आहे आणि आपण काही केलेलं नाही अशी. चष्मेवालीने विचारलं, “ओळखता का?” मी म्हटलं, “हो, माझा धाकटा भाऊ.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

पूर्ण फाईल दुसऱ्या इमारतीत आहे. आणायला दोन आठवडे लागतील.

ताई

गुरुवार, २८ मार्च

बारक्या,

फाईल आली. दोन भाग आहेत आणि एका वेळी एकच देतात. आज पहिला वाचला. मला कुणाशीतरी बोलायचं आहे, आणि हे फक्त तुला समजेल.

बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाची जबानी घेत. सरकारची भाषा त्यांना येत नव्हती म्हणून एक दुभाष्या दिलेला, त्याला आपली भाषा जेमतेम येत असावी. वय, गाव, धंदा, आजार असलं सगळं विचारून झाल्यावर हा प्रश्न आहे. मी सरकारच्या भाषेतून शब्दाला शब्द लावून उतरवून आणलंय.

‘प्रश्न: निघताना आईला काय सांगितले? उत्तर: येतो म्हणून सांगितले.’

त्याच्याखाली साहेबाचा शेरा आहे. ‘परत जाण्याचा इरादा. कायमचा परवाना देऊ नये. मुदतीचा द्यावा.’

मी हसले, बारक्या. त्या शांत खोलीत मोठ्याने हसले आणि मग रडू आवरेना. चष्मेवाली उठून माझ्या टेबलाशी आली.

“काय झालं? बरोबरच तर आहे. येतो म्हणजे परत येतो.”

“नाही हो. येतो म्हणजे जातो.”

“येतो म्हणजे जातो?”

“निघताना म्हणतात. तुमच्याकडून मी रोज निघते तेव्हा काय म्हणते?”

“तुमच्या भाषेत काहीतरी म्हणता. मला वाटायचं, आभार मानता.”

“येते म्हणते.”

“आणि खरंच जायचं असेल, कायमचं, तर?”

“तरी येतोच म्हणतात.”

“मग जातो कधी म्हणतात?”

 “म्हणत नाहीत,” मी म्हटलं. “जिभेवर आलं तरी गिळतात.” तिने चष्मा काढून पुसला. ती म्हणाली की वीस वर्षं ती या फायली हाताळते आहे, आणि ‘परत जाण्याचा इरादा’ हा शेरा तिने आपल्या भाषेच्या माणसांच्या कार्डांवर किती वेळा पाहिला आहे याची गणती नाही. तिला वाटायचं, या लोकांना घरची ओढ फार.

तेहतीस वर्षं मी शब्दाचा कीस काढून पोट भरलं. इथे तर ध चा मा सुद्धा कुणी केला नव्हता. अक्षरं सगळी बरोबर होती. असं प्रूफ माझ्या टेबलावर आलं असतं तर मीही ते सही करून पुढे पाठवलं असतं.

मुदत सहा वर्षांची होती. परवान्यावर तसं छापलेलं होतं, सरकारच्या भाषेत. ती त्यांना वाचता येत नव्हती. म्हणजे बॉयलरवर कोळसा घालत, लग्न करत, बाबांना मांडीवर घेत त्यांची मुदत सरत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

दुसरा भाग पुढच्या पंधरवड्यात मिळेल. मला भीती वाटते आहे. कशाची, ते नंतर लिहीन.

ताई

शुक्रवार, १२ एप्रिल

बारक्या,

घालवलं. आजोबा गेले नाहीत, त्यांना घालवलं.

कारखान्यात परवाने तपासले, त्यांचा संपलेला निघाला. तीन वेळा कचेरीत बोलावलं. तिन्ही दिवस ते आजीला जादा पाळी आहे म्हणून सांगून गेले असणार, कारण ‘त्या आठवड्यात सारखी जादा पाळी असायची’ असं आजी म्हणायची, आठवतं? ती म्हणायची, तेव्हाच दुसरीकडे कुठेतरी सूत जुळलं असणार. ते तिथे बाकावर बसून साहेबाला विनवत होते. शेवटी हुकूम निघाला, पहिल्या जहाजाने परत, पुन्हा प्रवेश नाही.

ते दोन बऱ्या कपड्यांतले लोक म्हणजे एक अंमलदार आणि एक दुभाष्या. अंमलदाराचा अहवाल फाईलमध्ये आहे. ‘कपडे घेण्यासाठी राहत्या खोलीवर नेले. पंधरा मिनिटे दिली. बाईशी थोडके बोलला. निघताना ‘जातो’ म्हणाला असे दुभाष्याने कळवले. परत येण्याचा इरादा दिसत नाही. बाईवर पाळत ठेवण्याची गरज नाही.’

आणि अहवालाच्या मागे एक पोस्टकार्ड टाचलेलं आहे. जहाज सुटेपर्यंत त्यांना बंदरावरच्या कोठडीत ठेवलं होतं, तिथून लिहिलेलं. वर शिक्का आहे, ‘भाषांतर झाल्यावर टपालात टाकणे’. भाषांतर कुणी केलं नाही. ते टपालात पडलं नाही. चष्मेवाली म्हणाली, “हे आजवर वाचता येणारं कुणी आलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या.” मग ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं नाही असं म्हणणार होते, पण सुधारायचं तिथे काही नव्हतंच. अक्षर स्वच्छ आहे.

‘बाळाच्या आईस आशीर्वाद. पत्रास कारण की कारखान्याने पाठवले म्हटले ते खोटे. सरकार मला परत धाडते आहे. तुझ्या तोंडचे पाणी पळेल म्हणून बोललो नाही, वाटले होते साहेब ऐकेल. घरून निघताना आईला येतो म्हटले होते, ते यांनी लिहून ठेवले आणि तेच माझ्या गळ्याशी आले. दारात दुभाष्या कान देऊन उभा होता. पुन्हा येतो म्हटले असते तर चोरून येणार असे लिहून तुला छळले असते. म्हणून जातो म्हटले. तू ते मनाला लावून घेऊ नकोस. तोंडाने जातो म्हटले, मनाने येतोच म्हटले. बूट ठेवले आहेत, आल्यावर लागतील. खोली सोडू नकोस, पत्ता बदलू नकोस. बाळाला सांग. येतो.’

बूट ठेवलेत, आल्यावर लागतील.

फाईलमध्ये यानंतर दोनच कागद आहेत. परत येऊ द्यावं म्हणून त्यांनी तिकडून केलेले दोन अर्ज, तीन वर्षांच्या अंतराने. ‘पत्नी व मुलगा तेथे आहेत.’ दोन्ही नामंजूर. घरी त्यांनी आणखी पत्रं लिहिली असतील तर ती त्या जुन्या खोलीच्या दाराशी गेली असतील, आणि आजीने पत्ता मागे ठेवला नव्हता.

आजीला हे कळायला हवं होतं. बाबांना कळायला हवं होतं. बाबा सत्तर वर्षं त्या एका शब्दाखाली जगले. ते पोस्टकार्ड इथून चार रस्ते पलीकडे एका फडताळात पडून होतं, आणि बाबा रोज त्याच रस्त्याने कामावर जायचे.

आज याहून जास्त लिहवत नाही.

ताई

रविवार, १४ एप्रिल

प्रिय बारक्या,

परवाचं पत्र टपालात टाकून घरी आले आणि जेवायला बसले, पण ताट तसंच बाजूला सारलं. मी त्या कचेरीला शिव्या घालत होते. एक कार्ड, एक साधं कार्ड, टपालात टाकता आलं नाही मेल्यांना, असं मी भिंतीला ऐकवत होते. आणि बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला.

तेव्हा आता लिहिते. एका दमात लिहिते, मधे थांबले तर पुन्हा हात उचलणार नाही.

बाबांच्या आजारपणात तुझं पत्र आलं होतं. मंगळवारी आलं. आत दोन कागद होते, एक मला आणि एक घडी घातलेला, वर ‘बाबांना’ लिहिलेला. माझ्यात तू लिहिलं होतंस की परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा आत घेणार नाहीत, बायको आणि लेक इथे आहेत, कागद हातात आले की त्याच दिवशी निघतो. माझा विश्वास बसला नाही. सात महिने मी एकटीने बाबांना उठवत होते, धूत होते, भरवत होते, आणि छापखान्यातून आणलेली प्रूफं त्यांच्या उशाशी बसून वाचत होते. मला वाटलं, कागद म्हणे! कागद अडवतो का कधी माणसाला? सबब आहे. आजोबांवर गेलाय.

ती घडी मी बाबांना दिली नाही.

त्यानंतर नऊ दिवस बाबा होते. रोज सकाळी टपालवाल्याची घंटा वाजली की विचारायचे, “बारक्याचं काही आलं का?” मी म्हणायचे, “नाही.” नऊ वेळा म्हणाले. शेवटी शेवटी ते शब्दाने विचारत नव्हते, नुसते दाराकडे बघायचे. आजीसारखे.

आणि नंतर फोनवर तू विचारलंस, “बाबांनी माझं पत्र वाचलं ना?” मी म्हटलं, “वाचलं. काही बोलले नाहीत.” तू गप्प झालास. त्यानंतर मी तुला पळपुट्याचा नातू म्हटलं, पण तू फोन ठेवलास तो त्या आधीच्या वाक्यामुळे, हे मला तेव्हाही कळलं होतं. बाबा आपल्यावर रागावून गेले, असं समजून तू अकरा वर्षं काढलीस. ते खोटं आहे. बाबांनी तुझं पत्र पाहिलंच नाही. ते शेवटपर्यंत तुझी वाट बघत होते.

मी माफी मागते. ती मिळावी इतकं मी काही चांगलं केलेलं नाही, तरी मागते. त्या कचेरीला निदान आपली भाषा येत नव्हती. मला येत होती.

आणखी एक. दप्तरखान्याला सही एकाचीच चालते. दुसऱ्या सहीचा रकाना ‘इच्छा असल्यास’ होता. ते दोन शब्द मी पांढऱ्या शाईने झाकले, तुला कळू नये म्हणून. मला तुझं अक्षर बघायचं होतं.

तुझी घडी माझ्याजवळ आहे. मी ती कधी उघडली नाही. हे तू खरं मानावंस असा माझा हक्क उरलेला नाही, पण खरं आहे. सांगशील तिथे पाठवते.

ताई

सोमवार, २० मे

प्रिय बारक्या,

चार आठवडे मी टपालपेटीला इतक्या चकरा मारल्या की टपालवाला मला लांबूनच मान हलवून नाही म्हणायला लागला. शेवटच्या दिवशी त्याने मान हलवली नाही, हात वर केला.

तुझं कार्ड. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला ‘ये.’

आयुष्यात इतका छोटा मजकूर मी तपासला नव्हता. एक अक्षर, एक मात्रा. तरी तासभर वाचत होते. पुढे पूर्णविराम दिला आहेस, म्हणजे ते चुकून अर्धवट राहिलेलं नाही. मी कार्ड चष्मेवालीला नेऊन दाखवलं. आता तिला आपली भाषा थोडी कळते असं तिला वाटतं. “याचा अर्थ जा का?” तिने धास्तावून विचारलं. म्हटलं, नाही हो बाई, याचा अर्थ ये असाच आहे, हा एक शब्द तरी आम्ही सरळ वापरतो. तिने मला पोस्टकार्डाची शिक्क्यासह पक्की नक्कल काढून दिली, तुझ्यासाठी वेगळी आणि तुझ्या लेकीसाठी वेगळी.

तुमच्या देशाच्या कचेरीत परवान्यासाठी जाऊन आले. काचेमागे एक पोरगी होती, तुझ्या लेकीपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठी असेल. फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात मी बाबांचं नाव लिहिलं होतं. तिकडे तुझी बहीण शोभले पाहिजे ना? तिने ते ओळखपत्राशी ताडून पाहिलं, “आजी, इथे चूक झालीये,” म्हणाली आणि फॉर्म पुन्हा भरायला लावला. माझी चूक काढली! तेहतीस वर्षांत कुणाची टाप नव्हती.

मग तिने विचारलं, “किती दिवस राहणार? परत येणार ना?”

मी म्हटलं, “पोरी, हा प्रश्न आमच्या घरात फार जपून विचारायचा असतो.” तिला काही कळलं नाही. मग मी सरकारच्या भाषेत, सरकारला कळेल असं उत्तर दिलं, चाळीस दिवस, आणि नंतर घरी. तिने शिक्का मारला.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला दुपारी पोचते. तुझी घडी आणते आहे, तशीच, न उघडलेली. तू वाचायची, मोठ्याने. बाबा ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मी ऐकेन, खाली मान घालून, आणि मधे एकही चूक काढणार नाही. त्यानंतर मला काय बोलायचं ते बोल. तू ओरडलास तरी चालेल, फक्त गप्प बसू नकोस.

ओळखायला अडचण पडू नये म्हणून सांगते, केस सगळे पिकलेत आणि उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे मी सगळ्यांत शेवटी बाहेर येईन. दारातून लोक येणं थांबलं तरी निघून जाऊ नकोस.

पेन्सिल झिजली. पत्र इथेच थांबवते.

येते.

ताई